गव्हाणला मी गेलो होतो

पनवेल
शुक्रवार, २ मे २०२५

शेरॉन,

तू फोनवर मला ब्लॉक केलंस त्याला आज सोळा दिवस झाले, म्हणून हे कागदावर लिहितो आहे. सातवीपर्यंत तू मराठी शाळेत होतीस, माझं अक्षर तुला लागतं. पत्ता तुझ्या कॉलेजच्या फॉर्मवरून घेतला. न वाचता टाकून देशील कदाचित. पण पाकिटावरचं नाव तरी वाचशील.

त्या दिवशी मी रागात बोललो. ‘बरं झालं, तुझी मम्मी हे बघायला राहिली नाही’ हे वाक्य मी परत घेतो. मझल असती तर तिनंच माझं तोंड बंद केलं असतं. पण बाकीचं जे बोललो ते परत घेत नाही.

तू जरा माझ्या जागी बसून बघ. तुला आयर्लंडला पाठवलं ते औषधांच्या कारखान्यांतलं पुढचं शिकायला. रसायनीच्या कंपनीत मी लॅबमध्ये सत्तावीस वर्षं काढली, माझी मुलगी त्याच कामात माझ्या वरच्या खुर्चीवर बसेल असं मला वाटायचं. आणि तू सांगतेस काय, तर कॉर्कच्या बसमध्ये मागच्या सीटवर कुणीतरी फोनवर ‘आये, मी जेवलू गं’ म्हणाला आणि तू वळून हसलीस. गव्हाणचा केतन घरत. आपल्या घरापासून रिक्षानं अर्ध्या तासावरचा मुलगा! एवढा समुद्र ओलांडून गेलीस ती गव्हाणला पोचलीस. ऐकताना मला आधी हसूच आलं होतं, तुला आठवत असेल. तू पुढे ‘पप्पा, आम्ही लग्न करायचं म्हणतोय’ म्हणालीस तेव्हा ते थांबलं.

मुलगा वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण त्यांचं घर वेगळं, आपलं वेगळं. दारात तीन-तीन ट्रेलर उभे, हॉलमध्ये जिन्याखाली भलंमोठं देवघर, स्वयंपाकघरातून सुकटीचा वास. तिथे शुक्रवारी संध्याकाळी तू शब्बाथचा दिवा कुठे लावणार? अर्थात हे मी ऐकीव सांगतो.

गेल्या शनिवारी सिनेगॉगमध्ये आम्ही आठ जण होतो. दहा पुरुष झाल्याशिवाय पुरी प्रार्थना करता येत नाही. पेणहून दोघे येणार होते, ते आलेच नाहीत. आम्ही आठ म्हातारे तासभर एकमेकांकडे बघत बसलो आणि अर्धी प्रार्थना करून घरी आलो. ओमेर इस्रायलला, अश्दोदला गेला तेव्हा मीच त्याला जा म्हटलं. आता तो तिकडून मला सांगतो, पप्पा, ती सव्वीस वर्षांची आहे, सोडा तिला. सोडा म्हणणं सोपं आहे. मी सोडत सोडतच इथवर आलो.

तुझ्यासाठी विचारणा केलेल्या ठाण्याच्या मंडळींना मी अजून नकार कळवलेला नाही. एकदा बोलून बघ त्या मुलाशी, एवढंच म्हणतो.

आणि तू विचारशील म्हणून आधीच लिहितो. मी याबाबत कुणाकडे एक शब्दही बोललेलो नाही.

पप्पा


पनवेल
१० जून

शेरॉन,

काल तुझी रूममेट अनुया हिचा फोन आला. मला वाटलं तीच बोलते आहे, म्हणून मी ‘बोल बेटा’ म्हटलं. पलीकडे तू होतीस. ‘पप्पा, तुम्ही काय केलंत?’ एवढंच विचारलंस आणि उत्तराला न थांबता ठेवून दिलास.

म्हणजे मी काही केलं हे तू ओळखलंस. आता लपवून काय मिळवू?

गव्हाणला मी गेलो होतो. तीस एप्रिलला. पहिलं पत्र लिहिलं त्याच्या दोन दिवस आधी. तुझं ऐकून घेतल्यापासून मला एकच दिसत होतं, की मला जे पसंत नाही ते त्यांनाही पसंत नसणार. दोन्हीकडून विरोध झाला की आपोआप मिटेल, आणि तुझ्याशी वाईटपणा मला एकट्याला घ्यावा लागणार नाही.

घर शोधावं लागलं नाही. शिवा घरत म्हटल्यावर रिक्षावाल्यानं दारात नेऊन सोडलं. तिमजली बंगला, पुढे ट्रेलर. केतनचे वडील शिवाशेठ बनियनवर बाहेर खुर्ची टाकून बसले होते. मी नाव सांगितलं, आपटेकर, पनवेलचा. ते उठून उभे राहिले.

“आपटेकर म्हंजे तुमी ते शनवारतेली ना, शनवारी घाना बंद ठेवनारे? आमच्या आज्याच्या येळंला तुमच्याकडून तेल यायचा घरात. बसा साहेब, चा घ्या.”

चहा घेऊन केतनची आई, रंभाबाई, बाहेर आली. मी घोट घेतला आणि म्हटलं, “तुमच्या मुलाला जरा समजवा.”

“काय केलान त्यानं?”

“माझ्या मुलीशी लग्न करतो म्हणतोय.”

शेरॉन, त्यांना काहीच माहीत नव्हतं. तू मला सांगितलंस, तसं त्यानंही घरी सांगितलं असणार असं मी धरून चाललो होतो. रंभाबाईंच्या हातात बिस्किटांची बशी होती ती तशीच राहिली. “आमचा केतन?” त्या म्हणाल्या. “त्याची तर चिरनेरला बोलनी चाललीत.”

त्या क्षणी मी उठून यायला हवं होतं. काहीतरी गैरसमज झाला, दुसरा कुणी केतन असेल, असं म्हणायला हवं होतं. मी म्हणालो नाही. उलट सगळं सांगितलं. बस, कॉलेज, लग्नाचा विचार, सगळं. शिवाशेठ शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, “तुमी नका काळजी करू साहेब. पोरगा आमचा हाय. आमी बघतू.”

त्यांनी मला गाडीनं घरापर्यंत सोडलं. घरी येऊन मी पोटभर जेवलो. किती दिवसांनी जेवण गोड लागलं. हेही तुला कळलेलं बरं.

आई हॉस्पिटलात आहे असा निरोप आला म्हणून केतन मिळेल त्या विमानानं निघाला, हे अनुयानं मला मागेच फोनवर सांगितलं होतं. ते ऐकून मी म्हणालो, देव त्यांना बरं करो. पण गेल्या गुरुवारी पनवेलच्या बाजारात मी रंभाबाईंना पाहिलं. भाजीवाल्याशी भाव करत होत्या. चांगल्या ठणठणीत.

मी त्यांच्या समोर गेलो नाही. दुसऱ्या गल्लीनं घरी आलो.

तो तिकडे परत येईलच. आज ना उद्या येईल. तू तुझा अभ्यास सोडू नकोस.

पप्पा


पनवेल
२२ जुलै

शेरॉन,

पत्रं पोचतात हे मला कळतं. पोस्टाच्या वेबसाइटवर नंबर टाकला की ‘डिलिव्हर्ड’ असं येतं. त्यापुढे काय होतं ते वेबसाइट सांगत नाही.

अनुयाशी मी आठवड्यातून एकदा बोलतो, तिच्यावर रागावू नकोस. मीच फोन करतो. सुरुवातीला ती तुझ्या भीतीनं दोन वाक्यांत संपवायची. परवा मात्र बराच वेळ बोलली. म्हणाली, काका, ती लॅबमध्ये जात नाही. थीसिसला मुदत वाढवून मागितली आहे. दिवसभर फोन हातात घेऊन बसते, आणि त्याचा मेसेज आला की एवढासाच असतो, ‘घरी परिस्थिती टाइट आहे, पासपोर्ट पप्पांनी ठेवून घेतलाय, थोडं थांब.’ मग ती पुन्हा थांबते.

फेब्रुवारीत तुझं मनगट मोडलं होतं हे मला तिच्याकडूनच कळलं. पावसात जिन्यावरून घसरलीस, सहा आठवडे प्लास्टर होतं, आणि माझ्याशी व्हिडिओवर बोलताना तू तो हात खाली धरायचीस. म्हणे केतन रोज संध्याकाळी येऊन तुम्हा दोघींचा स्वयंपाक करायचा. तुझी वेणी घालायला अनुयाकडून शिकला. आणि कोळंबी, सोडे, सुकट तू खात नाहीस म्हटल्यावर त्यानं आईनं बांधून दिलेली सुकटीची पिशवी दुसऱ्या मुलांना देऊन टाकली, तुमच्या भांड्यांना तो वास नको म्हणून.

हे तू मला सांगितलं असतंस तर! असं लिहिलं खरं, पण तू सांगायला सुरुवात केली होतीस. मी मध्येच ओरडलो होतो.

मी चुकलो. सदतीस ओळी लिहून फाडल्या, हे दोन शब्द तेवढे ठेवतो. मी परत गव्हाणला जातो. ज्या तोंडानं मोडलं त्याच तोंडानं जोडायला सांगतो. ठाण्याच्या मंडळींना आज नकार कळवला.

पप्पा


पनवेल
४ सप्टेंबर

शेरॉन,

जातो म्हटलं होतं आणि दीड महिना घालवला. आधी ताप आला, मग मी कारणं काढत राहिलो. गणपतीचे दिवस आले, त्यांच्याकडे पाहुणे असणार, असं म्हणून आणखी आठवडा ढकलला. शेवटी परवा गेलो.

शिवाशेठ या वेळी उठून उभे राहिले नाहीत. पण खुर्ची दिली. मी पाठ करून गेलो होतो ते बोललो. माझी मुलगी चांगली आहे, शिकलेली आहे, तुमच्या मुलावर तिचा जीव आहे, माझा विरोध होता तो मी मागे घेतो, तुम्हीही मोठं मन करा.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “साहेब, तुमीच आलते ना सांगाला?”

“हो.”

“तवा म्हनाले, पोराला आवरा. आता म्हनता, सोडा. मानसानं काय ते एक ठरवावा.”

“माझी चूक झाली.”

“तुमची चूक झाली, पन मी काय चूक केली? मी चिरनेरला शब्द दिला. भावकीत नाव झाला. आता तिथं जाऊन मी काय सांगू, पनवेलच्या साहेबांचा विचार बदलला म्हनून?”

मी म्हणालो, “तुम्ही त्याचा पासपोर्ट ठेवून घेतलाय. सज्ञान मुलाला असं अडकवता येत नाही.”

“कोन बोलला तुमाला?” एवढंच त्यांनी विचारलं. त्यांनी विषय टाळला असं मला वाटलं. मी आवाज चढवला. मी, इनॉक आपटेकर, परक्याच्या दारात उभा राहून ओरडलो. शेजारचे दोघे बाहेर आले. शिवाशेठनी त्यांना हातानंच आत जायला सांगितलं. माझ्यावर आवाज त्यांनी चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

केतन घरी नव्हता. दिवसा तो न्हावा शेव्याच्या यार्डवर असतो, त्यांचे कंटेनर ओढणारे ट्रेलर तिथून सुटतात.

मी रस्त्याला लागलो तर मागून रंभाबाई आल्या. पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, “पोरीचा फोटू हाय का? बगू मना.” मी मोबाईलवर तुझा दाखवला, कॉलेजच्या हिरवळीवरचा, लाल स्वेटर घातलेला. त्यांनी बोटांनी मोठा करून बघितला, बराच वेळ. “देखनी हाय. आई नाय ना तिला?” मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, “मी दवाखान्यात नवती, दादा. माज्या नावानं खोटा बोलले सगले. मना इचारलापन नाय.” मग कुणीतरी आतून हाक मारली आणि त्या गेल्या.

मी बस स्टॉपवर बसून राहिलो. दोन बस आल्या आणि गेल्या. कुठे जायचं तेच ठरेना.

पप्पा


पनवेल
१२ ऑक्टोबर

शेरॉन,

गुरुवारी यार्डवर जाऊन केतनला भेटलो. बरा आहे. थोडा सुटला आहे, उन्हानं काळवंडला आहे. घरचे सोडत नाहीत.

चिरनेरच्या मुलीशी त्याच्या लग्नाची तारीख ठरली आहे, तीस नोव्हेंबर. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मी सांगावं म्हणून लिहिलं.

आज जास्त लिहवत नाही. जेवत जा.

पप्पा


पनवेल
३ नोव्हेंबर

शेरॉन,

परवा तुझा फोन आला. जूनमधल्या त्या एका वाक्यानंतर पहिल्यांदाच तू स्वतःहून माझ्याशी बोललीस. मी स्वयंपाकघरात उभा होतो, गॅस बंद करायचंही भान राहिलं नाही. कशी आहेस असं मी विचारलं, तू म्हणालीस, “पप्पा, एकच सांगा. तुम्ही त्याला भेटलात तेव्हा त्यानं माझ्याबद्दल विचारलं का?”

मी म्हणालो, “हो.”

तू रडलीस. किती दिवसांनी तुझा आवाज मोकळा ऐकला. मग घाईघाईनं म्हणालीस, मला माहीत होतं, मी येते, वीस तारखेला सकाळी अकराला पोचते, आपण दोघं त्याच्या घरी जाऊ, गरज पडली तर पोलिसांना घेऊन जाऊ, त्याला बाहेर काढू. मी ‘शेरॉन, ऐक’ म्हणेपर्यंत तू ‘थँक यू, पप्पा’ म्हणून ठेवून दिलास. अनुया डब्लिनला नोकरीवर गेली आणि तुझा नंबर मला लागत नाही. तू ज्या नंबरावरून बोललीस तो कुठल्याशा दुकानाचा निघाला. अनुयाकडे निरोप देता आला असता. पण जे सांगायचं आहे ते तिसऱ्या माणसाच्या तोंडून तू ऐकू नयेस. पत्र दहा-बारा दिवसांत पोचतं. तू निघायच्या आत पोचेल.

त्यानं विचारलं नाही, शेरॉन.

आता सगळं सांगतो. गेल्या पत्रात लिहिलं नाही ते.

त्यांचं यार्ड बंदराच्या रस्त्याला आहे. पत्र्याची केबिन, आत एसी. केतन मला बघून चटकन उठला, पाया पडला, थंड मागवलं. “अंकल, एवढ्या उन्हात कशाला आलात?” बोलायला गोड आहे. तू याच्यावर का भाळलीस ते मला पाच मिनिटांत कळलं.

मी म्हणालो, “बेटा, मी चुकलो. तुझ्या वडिलांना मी सांगायला नको होतं. तू शेरॉनकडे जा. इथलं मी सांभाळतो. तुझ्या वडिलांनी मला चार शिव्या दिल्या तर मी ऐकून घेईन.”

तो खाली बघत होता. म्हणाला, “अंकल, मला कुणी धरून ठेवलेलं नाहीये.”

“आणि पासपोर्ट?”

त्यानं ड्रॉवर उघडला. पासपोर्ट तिथेच होता, डिझेलच्या पावत्यांवर. “माझ्याकडेच आहे. पहिल्यापासून.”

“मग तिला तू काय लिहितोस?”

“काय लिहू, अंकल?” बाहेर ट्रेलर वळत होता, त्याचा मागे घ्यायचा भोंगा वाजत होता. भोंगा थांबल्यावर तो बोलायला लागला. “आलो तेव्हा खूप भांडलो. आईशप्पथ सांगतो, दोन दिवस जेवलो नाही. चार दिवसांत परत जायचं ठरवलं होतं. मग सगळी भावकी भेटायला आली. आईनं माझ्या आवडीचं केलं. पप्पांनी यार्डच्या चाव्या दिल्या, म्हणाले आता तू बघ. आठवडा झाला, पंधरा दिवस झाले. मग बरं वाटायला लागलं, अंकल. खोटं नाही बोलत. तिकडे मी रोज सकाळी घाबरून उठायचो. सबमिशन, पार्ट-टाइम, पुढे नोकरी लागेल का. शेरॉन स्ट्राँग आहे, ती करेल. माझ्याच्यानं नसतं झालं. इथे मला सगळे ओळखतात.”

“आणि ती?”

त्यानं ड्रॉवर लावून घेतला. मी थांबलो. मी त्याला सांगितलं की तू लॅबमध्ये जात नाहीस, की तुझा थीसिस राहिलाय. मला वाटलं आता तरी विचारेल. एकदा विचारेल, कशी आहे ती. त्याचा फोन वाजला, त्यानं घेतला, गाडीच्या टायरबद्दल बोलला. मी तिथे पाऊण तास होतो.

मला सोडायला तो रस्त्यापर्यंत आला. स्वतः रिक्षा थांबवली. मी बसल्यावर दांडीला धरून वाकला आणि म्हणाला, “अंकल, तिला तेवढं सांगा, घरचे सोडत नाहीत म्हणून. तिला तेवढंच बरं वाटेल.”

आणि मी ते लिहिलं. बारा तारखेच्या पत्रात, एका ओळीत. त्याच्यासाठी नाही. मलाही वाटलं, तुला तेवढंच बरं वाटेल. फोनवर ‘हो’ म्हणालो तेही त्याचसाठी.

त्याच्या कानाखाली वाजवावी असं मला रिक्षात बसल्यावर वाटलं. पण खरं सांगू का, मला तो समजला. त्याचाच जास्त त्रास होतो. तुझ्या मम्मीला लग्न झाल्यापासून इस्रायलला जायचं होतं. तिचे दोघे भाऊ गेले, कागद तयार होते, मी म्हणालो, पुढच्या वर्षी बघू. इथे मला सगळे ओळखत होते. मझलनं पुढे कधी विषय काढला नाही, आणि तिला आता तिकडे जावंसं वाटत नाही असं मी समजून चाललो.

हे वाचून तू म्हणशील, म्हातारा स्वतःला सोडवून घेतोय. दोष मुलावर ढकलून मोकळा होतोय. तसं वाटलं तर मी काय करू? मी तुझ्याशी इतकं खोटं बोललो आहे की आता खरं बोललो तरी त्याची किंमत मला ठाऊक आहे. आणि मी सुटत नाहीच. मी गव्हाणला गेलो नसतो, तो तिथेच राहिला असता, तुझ्यासोबत, तर कदाचित हळूहळू त्याला धीर आला असता. कदाचित नसता आला. ते आता कुणालाच कळणार नाही. तुलाही नाही, आणि ते मी तुझ्यापासून काढून घेतलं.

तू ये. त्याच्या दारात जाण्यासाठी येऊ नकोस, घरी ये. आणि यायचं नसेल तरी मला समजेल. वीस तारखेला मी विमानतळावर असेन. तू निघालीस की नाही हे मी अनुयालाही विचारणार नाही.

पप्पा


पनवेल
शुक्रवार, २१ नोव्हेंबर

शेरॉन,

काल मी सव्वानऊलाच पोचलो. दाराबाहेर जिथे लोक नावांच्या पाट्या धरून उभे असतात तिथे कठड्याला टेकून उभा राहिलो. तुझं अबूधाबीवरून येणारं विमान अकरा पंचवीसला उतरल्याचं बोर्डावर आलं. मग माणसं यायला लागली. ट्रॉल्या, खोकी, झोपलेली मुलं. तुझ्या उंचीची, केस कापलेली एक मुलगी आली आणि मी हात वर केला. ती दुसऱ्यांकडे गेली. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, कोण येणार आहे? मी म्हणालो, मुलगी. त्यांचा मुलगा आला, ते गेले. मग बोर्डावरून ते विमानही गेलं.

पत्र पोचलं असेल तर तू येणार नाहीस, आणि आलीस तर पत्र पोचलेलं नसेल, हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं. तू दिसावीस असं वाटत होतं आणि दिसू नयेस असंही. असा माणूस कशासाठी प्रार्थना करणार? मी केली नाही. नुसता उभा राहिलो.

दोन वाजता मेसेज आला. तुझ्या स्वतःच्या नंबरावरून.

‘पप्पा, घरी जा. मी विमानात बसले नाही. जेवलात का?’

मी तो किती वेळा वाचला ते सांगत नाही. तिथेच फोन लावावा असं मनात आलं, पण धीर झाला नाही. तू उचलला असतास तर मी काय बोललो असतो? आणि नसतास उचललास तर हा मेसेजही गेला असता, असं काहीतरी वेडगळ वाटलं.

मग टॅक्सीत बसल्यावर अनुयाला फोन केला. तिनं सांगितलं की पत्र तेरा तारखेलाच पोचलं. तीन दिवस तू खोलीचं दार उघडलं नाहीस. ती डब्लिनहून बस पकडून आली आणि दाराबाहेर बसून राहिली. चौथ्या दिवशी तू उठलीस, केतनला फोन लावलास, स्पीकरवर, तिच्यासमोर. ‘पासपोर्ट कुठे आहे?’ एवढंच विचारलंस. तो म्हणाला, ‘अंकल बोलले का?’ तू ठेवून दिलास. मग अंघोळ केलीस आणि लॅबमध्ये गेलीस. थीसिस जानेवारीत देणार आहेस म्हणे. तिकडेच नोकरी बघणार आहेस. इथे कधी येशील ते अनुयाला माहीत नाही, तुलाही माहीत नसेल. मी विचारत नाही.

तीस तारखेची पत्रिका आपल्या दाराच्या फटीतून कुणीतरी सरकवून गेलं आहे. पाकिटावर फक्त ‘आपटेकर साहेब’. रंभाबाईंनी पाठवली की शिवाशेठनी, कळत नाही. जाणार नाही. फेकवतही नाही, टेबलावर आहे.

आज संध्याकाळी दिवा मीच लावीन, दर शुक्रवारसारखा चुकतमाकत. उद्या सिनेगॉगमध्ये किती जण जमतात बघू. आता मी मोजायचं सोडून दिलं आहे.

तुझ्या मेसेजला मी उत्तर दिलं ते तू पाहिलंस, निळ्या खुणा दिसल्या. पण ते कसं दिलं तेवढं सांगतो आणि पत्र संपवतो. सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं. टॅक्सीत बसून मी आधी ‘हो, जेवलो’ असं लिहिलं. बोट पाठवायच्या बटणावर होतं. मग ते पुसलं आणि ‘नाही’ असं लिहिलं.

पप्पा